काळ्या पिशवीतले पेले

शम्या,

तुझ्या दफनाला जे काही बोलले ते ऐकून मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या मातीला आलो. पाळकसाहेब म्हणाले, "बंधू शमुवेल म्हणजे नम्रतेचा नमुना." मी मागं घंटेच्या दोरीपाशी उभा होतो. हसू फुटलं म्हणून खोकला काढला. तू आणि नम्र? सोलापूरच्या एप्रिलात, रस्त्याचं डांबर पातळ होतं त्या उन्हात, अमेरिकेचा लोकरी कोट अंगात घालून देवळात येणारा माणूस नम्र? घामानं तुझी मान निथळायची, करुणा वहिनी पदरानं वारा घालायच्या, पण कोट काही खुंटीवर गेला नाही. त्याच कोटात तुला पेटीत घातलं. आता वर गेल्यावर तरी काढ. तिथं कुणाला दाखवायचाय?

आणि तो मोबाइल. तुझ्या पेटीच्या पुढं तीन पायांच्या काठीवर मोबाइल उभा केला होता, तुझा विजय तिकडून अमेरिकेतून बघणार म्हणून. पेटी खाली सोडली, माती टाकायला लोकांनी मुठी भरल्या, आणि पाळकसाहेबांनी हात वर केला. थांबा. चित्र अडकलंय. शंभर माणसं हातात माती धरून उभी, आणि तू खाली खड्ड्यात. उभ्या जन्मात मी मेलेल्या माणसाला ताटकळताना पहिल्यांदाच बघितलं. मी एकट्यानं माती टाकली. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. बघू दे.

मग चार दिवसांनी तेच पाळकसाहेब माझ्या खोलीवर आले. मंडळीच्या मासिकात तुझ्यावर काहीतरी लिहा म्हणाले. मी म्हणालो, "साहेब, मी चौथी शिकलेला. सारा जन्म गिरणीत गेला."

"काका, तुम्ही त्यांचे सर्वांत जुने मित्र."

"मित्र कुणी सांगितलं? करोनापासनं आमी बोलत न्हवतो."

"तरीही," ते म्हणाले.

पाळकांच्या तोंडी हे 'तरीही' कुणी घातलं कोण जाणे. त्याच्यापुढं माणसाला काही बोलता येत नाही. मी म्हणालो, लिहितो, पण काना-मात्रा हलवायचा नाही. छापायचं तर असंच छापायचं, नाहीतर नाही. आता बघू छापतात का. छापलं तर वाचणाऱ्यांना कळू दे, पाच वर्षं या याकोबानं प्रभुभोजन का घेतलं नाही. सगळ्यांना माहीत आहे की महिन्याच्या पहिल्या रविवारी घंटा मी वाजवतो, आणि पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली की उठून बाहेर चिंचेखाली जाऊन बसतो. कुणी म्हणतं म्हातारं तिरसट आहे. कुणी म्हणतं काही पाप केलं असेल. पाप-बिप काही नाही. शम्यामुळं. नाव घेऊन सांगतो.

पण ते सांगायचं तर वळसंगपासून सांगायला लागतं. तुला पाठ आहे. वाचणाऱ्यांना नसेल.

वळसंगला गावकुसाबाहेर आपले दोन वाडे. गावानं दोघांनाही बाहेरच ठेवलेलं. पण बाहेर ठेवलेल्यांनीसुद्धा आपसांत वर-खाली लावून घेतलं होतंच. तुझ्या वाड्यातले आमच्या वाड्याचं पाणी पीत नव्हते. मग दोन्ही वाड्यांतल्या काही घरांनी बाप्तिस्मा घेतला. पहिल्या प्रभुभोजनाला सोलापुरातून मिशनचा सायेब टांग्यानं आला. लिंबाखाली जाजम. जाजमावर भाकर, आणि द्राक्षारसाचा पितळेचा एक प्याला, आतून कल्हई केलेला. एकच. सगळ्यांनी त्यालाच तोंड लावायचं. माझा आजा पुढं बसला होता, तो आधी प्याला. मग प्याला तुझ्या आज्याच्या हातात आला. त्यानं तो धरला, आणि धरूनच बसला. सायबाला मराठी चांगलं येत होतं, पण तो नुसता बघत राहिला. शेवटी माझा आजा म्हणाला, "पी की रं. तोंड इटाळलं तर इटाळू दे, जीव तर वाचंल."

आणि तुझा आजा प्याला.

ही गोष्ट मी शाळेत असल्यापासून तुला ऐकवत आलो. तुझा पहिला नंबर आला की ऐकवायचो. तू मॅट्रिक झालास तेव्हा ऐकवली. तुला कचेरीत टेबल-खुर्ची मिळाली आणि मी गिरणीत तेलकट कपड्यांत, तेव्हा तर दोनदा ऐकवली. "शम्या, टेबल असंल तुझं. पर तुमच्या घराण्याचं पहिलं प्रभुभोजन म्हंजे माझ्या आज्याचं उष्टं." लहानपणी तू पाटी हाणायचास. मोठेपणी नुसता हसायचास. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतलास, त्या दिवशीही मी सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितली, आणि तू मला पेढा भरवलास.

तो प्याला पुढं सोलापूरच्या देवळात आला, कारण वळसंगची माणसं गिरण्यांपायी इथं आली. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी चिंच लावून तो मी घासायचो. त्यातला द्राक्षारस माझी सरू करायची, काळ्या मनुका रात्रभर भिजत घालून, कुस्करून, फडक्यातून गाळून. एवढा मान गिरणीतल्या फिटरला कुठं मिळतो? मला देवळात मिळाला. म्हणून सांगतो, प्याला हे माझ्या लेखी भांडं नव्हतं. माझ्या घरानं काय केलं त्याची ती निशाणी होती.

मग तू रिटायर झालास आणि विजयकडं अमेरिकेला गेलास. बर्फाच्या गावाला. दर रविवारी फोन, आणि फोनवर नुसती फुशारकी.

"याकू, हितलं चर्च बघशील तर डोळं फिरतील. भिंतीपासनं भिंतीपातूर गालिचा. बाहेर बर्फ, आत गरम. उपासना बरोबर तासाभरात खलास."

"आन देव?"

"देवाचं काय?"

"तासाभरात त्यालाबी घरी जायचं असतं काय?"

तू फोन ठेवलास. पुढच्या रविवारी परत केलास. उपासना झाली की तिथं सगळ्यांना कॉफी मिळते म्हणालास. मी विचारलं, कॉफीबरोबर काय? बिस्कुट. मी म्हणालो, बिस्किटावर जगणारी मंडळी ती, तिची काय मजल. आपल्याकडं एक उपासना झाली की माणसं दुपारपर्यंत हलत नाहीत. कुणाची सून रुसली, कुणाचं बाळ आजारी, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं चिंचेखाली निघतं. हे मी तुला सांगितलं, तेव्हा तिकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, लाइन तुटली.

दोन वर्षांनी आलास. कोट घालून आलास. आणि एक खोकं घेऊन आलास. पहिल्याच रविवारी, उपासना संपल्यावर, पुढं उभा राहिलास आणि निम्मं इंग्रजीत बोललास. तिकडच्या मंडळीनं आपल्या मंडळीला प्रेमाची भेट पाठवली आहे. खोकं उघडलं. आत प्लास्टिकचे इवलाले पेले, शेकड्यांनी. प्रत्येकाला आपापला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमेरिकेचं म्हटलं की आपली माणसं शेणालाही टाळ्या वाजवतात.

खोकं हातोहात माझ्यापाशी आलं. मी एक पेला उचलला. माझी सरू खोकल्याचं औषध ज्या टोपणातून घ्यायची, अगदी तसा. चष्मा लावला, खिडकीच्या उजेडाला धरला. काठावर गुलाबी डाग. ओठाचा.

मी उभा राहिलो. "शमुवेल, तिकडं लिपस्टिक लावून भेट देत्यात व्हय?"

पुढचे सगळे मागं वळले.

"हे नवं न्हाय. हे वापरलेलं हाय. गोऱ्यांचं उष्टं उचलून आणलंस, आन वर आमच्याकडनं टाळ्या वाजवून घेतोस?"

तुझा चेहरा मला अजून दिसतो. कोटाच्या कॉलरवर नुसतं डोकं ठेवल्यासारखा. पाळकसाहेबांनी घाईघाईनं शेवटचं गीत सुरू केलं. खोकं कपाटात गेलं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येऊन सरूला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "भरल्या देवळात माणसाचा कोट उतरवलासा. थंडी तर वाजली आसंल त्याला." बायकांना कुणाची बाजू घ्यावी कळत नाही.

संध्याकाळी तू मला देवळाच्या फाटकापाशी गाठलंस. कोट नव्हता. पहिल्यांदाच.

"ती भेट न्हवती याकू," म्हणालास.

"ते कळलं की."

"पयल्यांदा तिथं प्यालो, आन पेला ठिवायला जागा बघाय लागलो. एका बाईनं हसत हसत माझ्या हातातनं घेतला, आन टाकला काळ्या पिशवीत. कॉफीच्या कपासंगं, बिस्किटाच्या कागदासंगं. समद्यांचेच टाकले. प्रभूचा पेला रं. मला कसंतरीच झालं. मग दर टायमाला मी मागं थांबाय लागलो. पिशवीतनं काढायचो. खिशात घालून घरी न्यायचो. सूनबाई म्हणाली, पप्पा, लोक काय म्हणतील. म्हणून न्हाणीघरात दार लावून धुवायचो. आत काय हाय म्हणून विमानतळावर खोकं उघडलं. साहेब म्हणतो, ये क्या है? मी म्हटलं, हमारे प्रभू के प्याले. त्यानं दुसऱ्या साहेबाला बोलावून दाखवलं."

"मग आणायचे कशाला?"

"फेकवंना रं."

खरं तर तेव्हाच मी गप बसायला पाहिजे होतं. पण माझं तोंड. मी म्हणालो, "मग तिथल्याच मंडळीला सांगायचं हुतंस, टाकू नका म्हणून. येवढं तुझं इंग्रजी."

"कुणाला सांगू? माझ्या बाकावर कुणी बसायचं न्हाय. हसायचे समदे. गुड मॉर्निंग म्हणायचे. नाव इचारायचे आन पुढच्या रविवारी परत इचारायचे. पर बसायचे दुसऱ्या बाकावर. दोन वरसं एकटाच प्यालो मी, याकू."

आणि मी हसलो. म्हणालो, "म्हंजे अमेरिकेतबी कुसाबाहेरच की रं तू."

हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही. घ्यायचंही नाही, कारण खोटं नव्हतं. पण तू माझ्याशी खरं बोलायला आला होतास आणि मी ते खरं तुझ्यावर फेकून मारलं. दोन्हींत फरक असतो. गिरणीत शिकलो होतो मी हे. दोऱ्याला ताण द्यायचाच असतो, पण तुटेपर्यंत देणारा कारागीर नव्हे.

तू रागावला नाहीस. फाटकाची कडी वर-खाली करत उभा राहिलास, आणि म्हणालास, "एक सांग. माझा आजा तुझ्या आज्याचं उष्टं प्याला, हे तू जलमभर मला ऐकवत आलास. आमी पाणी पीत न्हवतो, ती आमची चूक, असंच ना? मग गोऱ्याच्या उष्ट्याचं तुला काय झालं? तुला इटाळ झाला व्हय रं?"

मी म्हणालो, "घंटेची वेळ झाली," आणि आत गेलो. घंटेची वेळ झाली नव्हती. रविवारी संध्याकाळी आपल्याकडं घंटा असतच नाही. तुला ते माहीत होतं.

पुढं करोना आला. देऊळ बंद, मग उघडलं, आणि पाळकसाहेब म्हणाले, आता एका प्याल्याला सगळ्यांनी तोंड लावायचं नाही. दुकानं अर्धी बंद, असले पेले सोलापुरात मिळेनात. तेव्हा कपाटातलं तुझं खोकं निघालं. तू ते शहाणपणानं उकळायला घातलेस. पहिल्या पातेल्यातले सगळे आकसून बोरांएवढे झाले. मग कोमट पाण्यात साबण घालून घासलेस. पहिल्या रविवारी तूच तबक घेऊन बाकाबाकाला फिरलास, कोट घालून. माझ्यापाशी आलास.

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "एक प्याला असंल तर मी हाय. ह्या औषधाच्या टोपणासाठी माझा आजा लिंबाखाली बसला न्हवता. एकेकट्यानं प्यालं तर ते भोजन न्हवं, ते औषध."

उठलो आणि चिंचेखाली जाऊन बसलो. तेव्हापासून आपण बोललो नाही.

आणि तेव्हापासून तू ते नाटक सुरू केलंस. दर पहिल्या रविवारी, चिंचेकडच्या मागच्या खिडकीत, एक भरलेला पेला ठेवायचास. माझ्यासाठी. हाक नाही, खूण नाही. मी बघायचो आणि तोंड फिरवायचो. शेवटचं गीत संपलं की तू खिडकीशी यायचास. पेला तसाच. भरलेला पेला फेकायचा नसतो, म्हणून तू उचलायचास, माझ्याकडं एकदा बघायचास, आणि पिऊन टाकायचास. पाच वर्षं. नाटक्या. तू एकदा तरी शिवी हासडली असतीस, 'ये की भाड्या आत' म्हणाला असतास, तर मी आलो असतो. कदाचित. पण तू नुसता प्यायचास. तुझी ती कारकुनी शिस्त. माणसाला पण तू फाइलीसारखं पेंडिंग ठेवलंस.

मधे माझी सरू गेली. शेवटच्या महिन्यात तिला घरी प्रभुभोजन द्यायला पाळकसाहेब आले, तबक घेऊन तू, आणि तुझ्यामागं करुणा वहिनी. तू दारातून आत आलास तसा मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आतून प्रार्थनेचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग हसण्याचा आवाज. सरूचा. महिनाभर ती हसली नव्हती. मला वाटलं, तुम्ही सगळे मिळून मलाच हसताय. बाहेर बसल्या बसल्या माझं डोकं तापलं. तू जाताना माझ्याकडं बघितलंस, मी चिंध्यांच्या गाठोड्याकडं बघावं तसं तुझ्याकडं बघितलं. सरूला विचारलं, हसायला काय झालं? म्हणाली, "काय न्हाय." आणि आठवड्यात गेली. ते हसू मी तुझ्या खात्यावर... नाही, खातं-बितं तुझी भाषा. ते हसू मी तुझ्यावर धरून ठेवलं. एवढंच.

आता तूही गेलास. सकाळी करुणा वहिनींचा फोन आला. "भावजी, हे उठंनात." मी सरळ घंटेकडं गेलो. आपल्याकडं जितकी वर्षं तितके टोल. इतक्या जणांचे दिले, कधी मोजणं चुकलं नाही. तुझे देताना मधेच चुकलं. कमी पडायला नको म्हणून एक जास्त दिला. वर कुणी वयाचं विचारलं तर सांग, याकूची चूक आहे. तुला माझी चूक सांगायला आवडेलच.

दफनानंतर तुझ्या फ्लॅटवर प्रार्थना होती. लिफ्ट बंद, चार जिने चढून गेलो. तुझा कोट नसलेली खुंटी बघितली. लोक गेल्यावर वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"भावजी, एक सांगायचं ऱ्हायलंय. सरूवैनीनं शपथ घातलीवती, तुमाला सांगू नका म्हणून. पर आता दोघंबी न्हाईत. शपथ कुणाची पाळू?"

मी म्हणालो, सांगा.

"त्या दिवशी ह्यांनी पेला सरूवैनीच्या हातात दिला. त्यांनी धरला, आन पिईनात. म्हणाल्या, मला एकटीला नको. आमचं म्हातारं म्हणतं, एकट्यानं प्यालं तर ते औषध. औषधं लई झाली माझी. पाळकसायेब गडबडले. मग ह्यांनी त्यांच्या हातातनं पेला घेतला, निम्मा प्याले, आन निम्मा परत दिला. म्हणाले, घे सरू. आता उष्टं झालं. आता पी."

"मग?"

"मग त्या हसल्या. आन प्याल्या. आन म्हणाल्या, भाईर जाऊन सांगू नगासा. जिंकल्यावानी करतील."

माझ्या हातात चहा होता. तो मी बशीत ओतला, आणि बशीतून परत कपात ओतला.

शम्या, तू पाच वर्षं माझ्यासमोर एकेक पेला एकट्यानं पीत होतास. माझं म्हणणं बरोबर आहे हे तुला त्या खोलीतच पटलं होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस. माझ्या बायकोला तू एक प्याला दिलास. मी ओट्यावर बसून काय राखत होतो मग? ह्याचा मला राग आहे. मी इतका खरा होतो की माझं खरेपण तू माझ्याच घरात, माझ्या पाठीमागं पाळलंस, आणि मी बाहेर.

फाटकापाशी विचारलंस त्याचं उत्तर आता देतो. व्हय. झाला होता इटाळ. गोऱ्यांचा नाही. त्या बाईच्या ओठांनी माझं काय बिघडवलं? तुझा झाला होता. तू विमानात बसलास, कोट घालून आलास, आणि मला वाटलं, ह्याच्या आज्याला आपण पाजलं ही एकच गोष्ट माझ्यापाशी होती, आता हा साता समुद्रापलीकडून पेले आणून मलाच पाजणार. देणारा मी होतो. घेणारा व्हायचं मला जमेना. तुझ्या आज्यानं प्याला हातात धरून जो वेळ लावला, तेवढाच मी लावला. त्याला दोन घटका लागल्या असतील, मला पाच वर्षं. तो शेतावरचा माणूस, अंगठेबहाद्दर. मी चौथी शिकलेला.

काल पहिला रविवार होता. घंटा वाजवली. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली, मी सवयीनं उठलो आणि चिंचेखाली गेलो. मागच्या खिडकीकडं बघितलं. रिकामी. ठेवणार कोण? इतकी वर्षं त्या भरलेल्या पेल्याचा राग केला, आणि रिकाम्या खिडकीकडं बघवेना.

आत गेलो. पुरुषांच्या बाजूला नाही. बायकांच्या बाजूला, करुणा वहिनींच्या बाकावर. बायका कुजबुजल्या. एक म्हणाली, "काका, ही बायकांची बाजू हाय." मी म्हणालो, "डोळं हायत मला." पाळकसाहेब 'तरीही' म्हणत असल्यासारखे पुढं वाचू लागले. तबक आलं. मी एक पेला उचलला. उजेडाला धरून डाग शोधला. नव्हता. तू घासून घासून काढला असशील. निम्मा प्यालो. मनुका नव्हत्या त्यात, दुकानातली बाटली होती, नुसतं साखरपाणी. आता कुणी करत नाही वाटतं. निम्मा वहिनींच्या पुढं धरला.

"भावजी, तबकात हाय की माझा."

"असू द्या. हे उष्टं हाय. प्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तोंडाला पदर लावला, आणि प्याल्या.

तू जिंकलास असं समजू नकोस. प्याला एकच पाहिजे, हे माझं म्हणणं कायम आहे. पाळकसाहेबांना मी तसं सांगितलंय, आणि तो पितळेचा प्याला कपाटातून काढून घासून ठेवलाय. त्यांनी वापरावा, न वापरावा.

पण एक अडचण झाली. वहिनी माझ्यातला प्याल्या, म्हणजे त्यांच्या वाटणीचा पेला तबकात भरलेलाच राहिला. सगळे उठले तरी तो तसाच. मी उचलला, बाहेर नेला, आणि मागच्या खिडकीत ठेवला. चिंचेखाली बसलो. शेवटचं गीत झालं. माणसं बाहेर आली, सुना-बाळांचं बोलत दुपारपर्यंत थांबली, मग एकेक करून गेली. मी खिडकीकडं बघत होतो. कुणी आलं नाही.

मग मीच उठलो, आणि पिऊन टाकला. फेकवंना रं.